पार्ट मिळत नाही म्हणून आरा ‘डायरेक्ट’ करू नका

जुन्या मशीनच्या मालकाला दुरुस्तीच्या दुकानात दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले, ‘‘भाई, इसका पार्ट अब नहीं आता.’’ आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरे, ‘‘डायरेक्ट कर देता हूँ, चलेगी.’’ पहिले वाक्य बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. दुसरे पूर्ण खरे असते आणि अडचण तीच आहे. डायरेक्ट केलेली मशीन चालते. ज्या क्षणी ती थांबायला हवी त्या क्षणीही चालते.

आम्ही कापडाचे व्यापारी. लाकडाशी आमचा संबंध एके काळी मोजायच्या गजापुरता होता, तो गजही आता लोखंडी झाला. मग आऱ्याच्या मोटरवर आम्ही का लिहावे, असे लकडगंजमधील बांधव विचारतील. कारण साधे आहे. गांधीबागेत थानांची चवड कापणारी कटिंग मशीन, मोमिनपुऱ्यातला पॉवरलूम आणि लकडगंजचा आरा या तिघांची मोटर शेवटी वाइंडिंगवाल्याच्याच ओट्यावर येऊन पडते. त्या ओट्यावर बसून, चहा पीत, आपल्या मोटरची वाट पाहत आम्ही जे पाहिले आणि विचारून घेतले ते इथे मांडतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात नाही. पण बाजारात उभा राहणारा माणूस डोळे उघडे ठेवून बरेच शिकतो.

लाकडाच्या धंद्यात जुनी मशीनच का चालवावी लागते, हे आधी समजून घ्यावे. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान नागपुरात उतरत आले आणि लकडगंज हे त्याचे जुने ठाणे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीसंबंधी आदेश दिला आणि विनापरवाना आरा मशीनवर गदा आली. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक आदेश आला. त्यानंतर नव्या आरा मशीनचा परवाना ही दुर्मीळ गोष्ट होऊन बसली. ज्याच्याकडे जुना परवाना, त्याने तो जपला आणि परवान्याबरोबर ती जुनी मशीनही जपली. छोट्या फर्निचरवाल्याचे गणित वेगळे, पण निष्कर्ष तोच. त्याच्या वडिलांनी घेतलेला बिडाच्या टेबलाचा गोल आरा आजही सरळ कापतो. नवा पत्र्याच्या टेबलाचा घेतला तर दोन वर्षांत थरथरू लागतो. ओतीव बिडाचे अंग पन्नास वर्षे टिकते. आतली वीज टिकत नाही. कॉइल, रिले, वायर, कागद, वार्निश हा सारा नाशवंत माल आहे, आणि तो बदलायची वेळ आली की पार्ट सापडत नाही.

का सापडत नाही? कंपन्या बंद होतात किंवा नाव बदलतात. मोटरवर बंगलोरच्या एनजीईएफची पाटी दिसते. तो सरकारी कारखाना या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. कित्येक आऱ्यांवर एल अँड टीचा जुना स्टार्टर बसलेला आहे. एल अँड टीचा हा धंदा २०२० मध्ये श्नायडरने घेतला आणि २०२४ पासून तो लॉरिट्झ नुडसन या नावाने चालतो. दुकानावरच्या पोराला जुने नाव सांगाल तर तो मान हलवील. काम सांगाल तर त्याच फळीवरून डबा काढून देईल. आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. पार्ट नावाने मागायचा नाही, कामाने आणि मापाने मागायचा.

बेअरिंगचे पाहा. ६२०५ नंबरची बेअरिंग जगात कुठेही घ्या, आतले छिद्र २५ मिलिमीटर, बाहेरचा घेर ५२, जाडी १५. कोणत्या कंपनीची, हा प्रश्न दर्जाचा आहे, बसण्याचा नाही. म्हणून ‘बेअरिंग मिळत नाही’ असे कोणी मिस्त्री सहसा म्हणत नाही. विजेच्या सामानालाही असेच नंबर आहेत, फक्त ते वाचायची सवय आपल्याला नाही.

आता ‘डायरेक्ट’ म्हणजे नेमके काय करतात ते पाहू. थ्री फेज मोटरच्या भिंतीवर जो डबा असतो, हिरव्या आणि लाल बटणाचा, तो स्टार्टर. हिरवे बटण दाबले की आतल्या कॉइलमध्ये चुंबक तयार होते आणि ते तीन कॉन्टॅक्ट ओढून धरते. बटण सोडल्यावरही कॉइलला वीज मिळत राहते, म्हणून मोटर चालू राहते. लाइन गेली की चुंबक मरते आणि कॉन्टॅक्ट सुटतात. लाइन परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. या कॉइलला मिस्त्री लोक नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. तिच्या खाली ओव्हरलोड रिले असतो. मोटरने झेपेल त्याहून जास्त करंट ओढला की त्यातली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते आणि कॉइलची वीज तोडते.

ही कॉइल जळते, कारण ती बारीक तारेची असते आणि व्होल्टेज खालीवर झाले की थरथरून तापते. बाजारात त्या मॉडेलची कॉइल नाही. मग मिस्त्री काय करतो? कोणी कॉन्टॅक्ट दाबून त्यात लाकडाची काडी खोचतो. कोणी स्टार्टर बाजूला सारून मेन स्विचमधून तिन्ही तारा थेट मोटरला देतो. रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा स्क्रू शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवणारे आहेत आणि फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारेही आहेत. संध्याकाळपर्यंत मशीन सुरू. मालक खूश, मिस्त्रीला मजुरी, मजुराला रोजी.

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले ते विदर्भातला कोणताही कारखानदार विसरलेला नाही. तितके वाईट दिवस आज नाहीत, पण एप्रिलच्या वादळात आणि पावसाच्या पहिल्या सरीला लाइन आजही जाते-येते. लाइन गेली की काम करणारा काय करतो? स्विच बंद करत नाही. तो टेबलावरचा भुसा झटकतो, पात्याशी अडकलेली ढलपी बोटाने काढतो, लाकूड नीट लावून ठेवतो. म्हणजे हात नेमका तिथेच जातो जिथे एरवी तो कधी नेणार नाही. तेवढ्यात लाइन येते. स्टार्टर असेल तर काही घडत नाही. काडी खोचलेली असेल तर पाते त्या क्षणी फिरू लागते.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचा हिशेब मांडला होता. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के ताकद गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. कायद्याला कुठेतरी आकडा धरावाच लागतो. पण सुताराचा उजवा अंगठा गेल्यावर त्याची ७० टक्के कमाई उरते, हे कोणत्याही सुताराला विचारून पाहावे. आणि भरपाईसाठी नोकरीचा कागद लागतो. आपल्याकडे अर्धे कारागीर मामाच्या, चाचांच्या, शेजाऱ्याच्या दुकानात तोंडी बोलीवर काम करतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाते, पुली, पट्टा झाकण्याची सक्ती होती, पण विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असले तर तो कायदा लागू. तीन माणसांच्या वर्कशॉपला विचारायला इन्स्पेक्टर येत नव्हता. त्या डब्यातली कॉइल हाच तिथला इन्स्पेक्टर.

दुसरा धोका मोटरचा आणि आगीचा. तीन फ्यूजपैकी एक उडाला तरी चालती मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर कण्हत फिरत राहते आणि करंट सुमारे पावणेदोन पटीपर्यंत वाढतो. याला सिंगल फेजिंग म्हणतात. रिले ठीक लावलेला असेल तर तो तोडतो. डायरेक्ट असेल तर काही मिनिटांत वाइंडिंग भाजून निघते. चांगला वाइंडिंगवाला मोटर उघडताच कारण ओळखतो. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजची गुंडाळी काळी आणि तिसऱ्याची ताजी दिसली, किंवा डेल्टा जोडणीत एकच फेज जळून दोन वाचलेल्या दिसल्या, तर समजावे की सिंगल फेजिंग झाले. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर ओव्हरलोड किंवा हवा कोंडणे. आपल्या मिस्त्रीला हे विचारा. त्याला सांगता आले नाही आणि तो लगेच तार गुंडाळायला बसला, तर तीच मोटर सहा महिन्यांत पुन्हा त्याच्याच दुकानात येईल.

आगीबद्दल कापडवाल्याने सांगायला नको. आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि १८८६ च्या सुमारास तिथे आग विझवणारे पाण्याचे फवारे छताला बसवले गेले, कारण कापसाची बारीक लव ठिणगीची वाटच पाहत असते. ती मिल २००२ मध्ये बंद झाली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, पण लव तशीच आहे आणि लाकडाचा भुसा तिचा सख्खा भाऊ आहे. उघड्या जुन्या मोटरमध्ये भुसा शिरतो, गुंडाळीवर गादी धरतो, वारा अडवतो. जळत्या गुंडाळीची एक ठिणगी त्याला पुरते.

मग पार्ट नाही तर करावे काय? पहिला उपाय स्टार्टरचा. जुन्या डब्याची कॉइल नाही मिळाली तर डबाच बदलावा. त्याच करंटचा कॉन्टॅक्टर, त्याच मापाचा ओव्हरलोड रिले आणि दोन बटणे एवढ्यावर कुठल्याही कंपनीच्या आऱ्याचा स्टार्टर उभा राहतो. कॉन्टॅक्टर घेताना मोटरच्या पाटीवरचे अँपिअर सांगावेत. पाटी पुसली गेली असेल तर ४१५ व्होल्टच्या मोटरला एच.पी.मागे अंदाजे दीड अँपिअर धरतात, म्हणजे ५ एच.पी.ला साडेसातच्या आसपास. रिले त्याच आकड्यावर लावायचा, ‘थोडा जास्त ठेवा’ असे मिस्त्रीला सांगायचे नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले साधारणपणे गुंडाळीच्या तारेत बसतो, तिथे तो पाटीच्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर लावतात. हे न कळल्यामुळे कित्येक मोठ्या मोटरी रिले असूनही जळाल्या आहेत. आणि जिथे स्टार्टर बदलताच आहात तिथे एक फेज गेली तर तोडणारा रिले मागावा. तो नव्या मोटरच्या मानाने फार स्वस्त पडतो.

कॉइलबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्टची येते आणि ४१५ चीही येते. जुनी ४१५ ची होती, म्हणजे दोन फेजमध्ये जोडलेली. दुकानात २३० ची मिळाली आणि ती त्याच जागी लावली तर ती लगेच जळणार. २३० च्या कॉइलला एक फेज आणि न्यूट्रल हवा. इथे आमच्या डोळ्यांसमोर घडलेला प्रकार सांगतो. कटिंग मशीनवाल्या एका कारखान्यात न्यूट्रलची तार नव्हती, म्हणून तिथल्या मिस्त्रीने अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल करून टाकले. मशीन झकास चालली. पुढे अर्थिंगचा सांधा गंजून सैल झाला तेव्हा मशीनच्या अंगाला हात लावणाऱ्याला झटका बसला. नशिबाने माणूस वाचला. न्यूट्रल नसेल तर ओढून आणावा किंवा ४१५ ची कॉइल शोधावी. तिसरा मार्ग नाही.

काही मिस्त्री जळालेली कॉइल स्वतः गुंडाळून देतात. हे हुनराचे काम आहे आणि करायला हरकत नाही, मात्र जुने वेढे मोजलेले असावेत आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने घेतलेली असावी. अंदाजाने गुंडाळलेली कॉइल एकतर थरथरते किंवा तापते. कॉन्टॅक्टवर कानशी मारण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. त्यांच्या तोंडाला चांदीचा थर असतो. काळा दिसला म्हणून तो खराब नसतो. कानशीने तो निघून गेला की मागचे तांबे जळू लागते.

दुसरा उपाय मोटरचा. बदलायचीच झाली तर फ्रेम नंबर पाहावा. ११२, १३२ असे जे आकडे पाटीवर असतात ते मोटरच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची आहे, मिलिमीटरमध्ये. एका कंपनीची ११२ एम फ्रेमची मोटर काढून दुसऱ्या कंपनीची ११२ एम ठेवली तर नटाची भोकेही जुळतात आणि शाफ्टही २८ मिलिमीटरच निघतो. फार जुन्या विलायती मोटरी इंचाच्या मापाच्या, त्यांना खाली पट्टी टाकून उंची साधावी लागते आणि पुली नव्याने बोअर करावी लागते. खराद्याचे एक-दोन दिवसांचे काम.

यात फसगत होते ती गतीची. ५ एच.पी. मागितली आणि दुकानदाराने १४४० फेऱ्यांच्या जागी २८८० ची दिली, तर मोटर बसेल, फिरेल, मालकाला वाटेल आरा आता जोरात कापतो. हिशेब करून पाहा. ६०० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याचा दात सेकंदाला सुमारे ४५ मीटर धावतो. २८८० ला ९० मीटर. पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो, तो ओलांडला की दात उडू शकतो, पातेच तडकू शकते. तसेच दोन फेजच्या तारा आपापसांत बदलल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते आणि आऱ्याचा नट, जो सुलट फिरण्याने घट्ट होतो, उलट फिरण्याने सैल होतो. म्हणून नवी मोटर नेहमी पाते काढून, मोकळी फिरवून पाहावी.

तिसरा उपाय रिवाइंडिंग, आणि आपल्या बहुसंख्य बांधवांची पोटे याच कामावर आहेत. इथे पार्ट नाही ही तक्रारच नसते, तांब्याची तार, कागद आणि वार्निश बाजारात मुबलक आहे. कमी पडते ती नोंद. जुनी गुंडाळी तोडण्याआधी किती खाचा, एका कॉइलला किती वेढे, कितव्या खाचेतून कितव्या खाचेत, तारेचा नंबर काय, जोडणी स्टार की डेल्टा, हे सगळे लिहून घ्यावे लागते. आम्ही ज्या उस्तादांकडे जातो त्यांची वही उर्दूत आहे, आकडे इंग्रजी आणि खाचांची चित्रे स्वतःची. त्या वहीत त्यांनी केलेली प्रत्येक मोटर आहे. कोणी जुनी मोटर आणली की ते आधी वही चाळतात. कंपनी बुडाली, तिचे कॅटलॉग रद्दीत गेले, तरी मोटर त्या वहीत जिवंत आहे. अशा वह्या उस्तादांच्या मागे पोरे भंगारवाल्याला विकतात, याचे दुःख आम्हाला मिल बंद पडण्यापेक्षा कमी वाटत नाही.

तारेचा नेमका नंबर नाही मिळाला तर अडायचे कारण नाही. जाडी नव्हे, तारेच्या कापाचे क्षेत्र जुळले पाहिजे. १७ नंबरच्या तारेचे क्षेत्र १.५९ चौरस मिलिमीटर. १९ नंबरच्या दोन तारा जोडीने घेतल्या तर १.६२ होते, काम झाले. दोन तारांना वार्निश दुप्पट लागते म्हणून खाच थोडी जास्त भरते, एवढे पाहावे. पण तांब्याच्या जागी अॅल्युमिनियम घालणे ही लबाडी आहे. मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार वरून तांब्यासारखीच दिसते, खरवडली की पांढरी निघते. तिची वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या ६१ टक्के. त्याच खाचेत त्याच नंबरची घातली तर मोटर पहिल्या उन्हाळ्यातच जाते. ग्राहकाची मोटर ही दुरुस्त करणाऱ्याकडे अमानत असते, याहून जास्त आम्ही काय सांगावे.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून. मोटरी साधारणपणे ४० अंश हवेसाठी बनवतात. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. गुंडाळीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्मे होते, असा जुना हिशेब आहे. म्हणून इथे रिवाइंडिंग करताना १३० अंशांच्या बी वर्गाऐवजी १५५ अंशांच्या एफ वर्गाचा कागद आणि वार्निश मागावे. फरक थोड्या पैशांचा. आणि जुनी गुंडाळी काढायला रॉकेल ओतून मोटर पेटवून देण्याची पद्धत थांबवावी. बेसुमार आगीत पोलादी पत्र्यांमधला मुलामा जळतो आणि मग मोटर रिकामी फिरतानाही तापते, जास्त वीज खाते. १० एच.पी.ची मोटर दिवसाला ८ तास पूर्ण भाराने चालत असेल तर दोन टक्के कार्यक्षमता गेल्याने वर्षाला चारशेहून अधिक युनिट फुकट जातात. वाइंडिंगच्या मजुरीत वाचवलेले पैसे विजेच्या बिलात परत जातात, आणि ते दर महिन्याला.

हातात धरून चालवायच्या करवतीची दुखणी वेगळी. तिच्यात कार्बन ब्रश असतात. त्या मापाचे नाही मिळाले तर मोठा ब्रश घासून बसवता येतो, मात्र तो २३० व्होल्टच्या हत्याराचाच असावा. मोटरगाडीच्या स्टार्टरचे ब्रश मापाला जुळतात म्हणून लोक घालतात. त्यात तांब्याची भुकटी असते, ते १२ व्होल्टसाठी आहेत, इथे ठिणग्या पाडून तांब्याचा गोळा खराब करतात. गोळा साफ करायला एमरीचा कागद नको, बारीक काचेचा कागद घ्यावा. सिंगल फेजच्या छोट्या आऱ्यात कपॅसिटर जातो. त्याचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त चालेल, कमी नाही. सुरुवातीपुरता लागणारा कपॅसिटर कायम चालणाऱ्याच्या जागी घातला तर तो फुटतो.

आता पैशाचे बोलू, कारण हे पान व्यापाराचे आहे. मिस्त्री डायरेक्ट का करतो? तो आळशी किंवा बेइमान आहे म्हणून नाही. आपण त्याला पार्टचे पैसे देतो, डोके चालवल्याचे देत नाही. त्याने तीन तास लावून शोधून काढले की दोष मोटरचा नसून सैल झालेल्या एका टर्मिनलचा आहे आणि तो नुसता आवळून दिला, तर आपण म्हणतो, ‘‘एक पेच तो कसा, किस बात के पैसे?’’ हेच त्याने नवी मोटर गळ्यात मारली असती तर निमूट मोजले असते. वकिलाची, डॉक्टरची फी देताना आपण पुरावा मागत नाही. कारागिराच्या तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, मशीन दुरुस्त होवो न होवो ती द्यावी, आणि बदल्यात त्याच्याकडून चिठ्ठी घ्यावी: दोष काय होता, काय बदलले, रिले कितीवर लावला. ज्याला चिठ्ठी द्यायची आहे तो काडी खोचणार नाही.

प्रत्येक जुनी मोटर वाचवलीच पाहिजे असेही आमचे म्हणणे नाही. आमचा स्वतःचा ठोकताळा असा की रिवाइंडिंग आणि बेअरिंग मिळून खर्च नव्या मोटरच्या निम्म्यावर गेला, किंवा मोटर आधीच दोन-तीनदा गुंडाळलेली आहे, किंवा आतले पत्रे वितळलेले दिसले, तर ती भंगारात द्यावी आणि त्याच फ्रेमची नवी घ्यावी. आऱ्याचे बिडाचे अंग मात्र ठेवावे.

सदर भागात अंजुमनचे पॉलिटेक्निक आहे, शहरात सरकारी आयटीआय आहे. वाइंडिंगची मुले दिवसा कामावर असतात, त्यांना दिवसाचा वर्ग परवडत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, उर्दू-हिंदी-मराठी जी समजेल त्या भाषेत, पाटी वाचणे, मेगर लावणे, रिले बसवणे एवढेच शिकवणारा वर्ग काढता आला तर लकडगंजच्या आणि गांधीबागच्या व्यापाऱ्यांनी खर्च उचलायला पुढे यावे. आम्ही आमचा वाटा देऊ. त्या वर्गात उस्तादांच्या वह्यांची झेरॉक्सही जमा करता येईल. मालकी उस्तादांचीच, नावही त्यांचेच.

तोवर मशीन दुरुस्त होऊन आली की पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी मिस्त्रीकडून समोर करवून घ्याव्यात. ५०० व्होल्टचा मेगर लावून गुंडाळी आणि मोटरचे अंग यांमधला आकडा पाहावा; तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर पुन्हा सुकवायला पाठवावी. मग पाते काढलेले असतानाच आरा सुरू करावा, मेन स्विच पाडावा, दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा चढवावा. शाफ्ट फिरू लागला तर स्टार्टरचे झाकण उघडायला सांगावे.